तिळाएवढी जागा

सांगलीत गावभागातल्या ज्या योगवर्गाला मी जातो, तिथल्या बाईंसमोर ‘ध्यान’ हा शब्द जपून वापरावा लागतो. कुणी हौसेनं सांगितलं, "बाई, काल घरी अर्धा तास ध्यान केलं," की त्या विचारतात, "मन कशावर ठेवलं होतंत?" समोरचा घुटमळतो, "तसं काही नाही, शांत बसलो होतो." मग बाई म्हणतात, "शांत बसला होतात, चांगलंच केलंत. पण त्याला ध्यान म्हणू नका."

बाई संस्कृतच्या शिक्षिका होत्या, आता निवृत्त आहेत. योगसूत्रं त्यांना पाठ आहेत आणि आठ अंगांपैकी सहाव्यावर, धारणेवर, त्यांचा विशेष जीव आहे. यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार ही पाच अंगं पतंजली योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात, म्हणजे भागात, उलगडून सांगतात. तिसरा पाद उघडतो तोच धारणेनं: ‘देशबन्धश्चित्तस्य धारणा’. चित्ताला एका ठिकाणी बांधून ठेवणं. लगेच पुढच्या सूत्रात ध्यान, त्याच्या पुढच्यात समाधी. तीन ओळींत तीन अंगं संपतात, त्यामुळं वाचणाऱ्याला वाटतं की हे एका बैठकीत उरकण्यासारखं काम आहे. लोकांना सातव्या पायरीची घाई असते आणि सहावीवर पाय टेकायला कुणी तयार नसतं, ही बाईंची कायमची तक्रार.

मी तिथं गेलो तो झोपेसाठी. मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात मी हिशोब लिहितो. हंगामात सौदे सुरू झाले की दिवसभर पोती, वजनं, दर, हमाली, तोलाई, शेतकऱ्यांच्या पट्ट्या, आणि रात्री डोळे मिटले तरी आकडे चालूच. वर्गात धारणेचा विषय पहिल्यांदा निघाला तेव्हा मी बाईंना म्हणालो, "एकाग्रतेचा मला काही त्रास नाही. सौद्याचा गोंगाट चालू असताना मी अख्ख्या पानाची बेरीज मारतो. शेजारून हाक मारली तरी ऐकू येत नाही."

"येत नसेल," बाई म्हणाल्या. "पण काका, आकडा पुढं सरकतो म्हणून तुमचं मन त्याच्या मागं जातं. एकच आकडा समोर ठेवून बसा एकदा."

मी खरंच बसलो. घरी कोऱ्या कागदावर मोठा ७ काढला आणि त्याच्याकडे बघत राहिलो. थोड्याच वेळात सात नंबरचा गाळा, त्या गाळ्याची उधारी, उधारीवाल्याच्या मुलाचं लग्न आणि त्या लग्नातली बासुंदी. बासुंदीपाशी पोचल्यावर बाईंचं म्हणणं कळलं. बेरीज करताना पुढची ओळ खेचून नेते, चूक निघाली तर धाक असतो, टोटल जुळली की बरं वाटतं. धारणेत समोरची वस्तू नवीन काहीच देत नाही. तिथं थांबायला मनाला कारणच सापडत नाही.

आसनाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पाठ ताठ आणि बैठक सुखाची, एवढीच अपेक्षा. माझ्या पायांना मुंग्या यायच्या. बाईंनी बुडाखाली घडी घातलेली सतरंजी सरकवली, गुडघे खाली टेकले आणि प्रश्न मिटला. वर्गातल्या एक वहिनी खुर्चीवर बसतात, त्यांचं काही अडत नाही.

प्राणायामाचं मात्र तसं नाही. बाई नाडीशुद्धी भरपूर करून घेतात, म्हणजे एका नाकपुडीनं श्वास घ्यायचा आणि दुसरीनं सोडायचा. सोडलेला श्वास घेतलेल्यापेक्षा लांब, घाई नाही, आवाज नाही. ‘धारणासु च योग्यता मनसः’, प्राणायामानं मन धारणेच्या लायक होतं, असं सूत्रच आहे, आणि हे एक सूत्र मला कुणी पटवून द्यावं लागलं नाही. नाडीशुद्धी न करता बसलं की विचार एकमेकांना ढकलत येतात. करून बसलं की येतात तेवढेच, पण एक गेल्यावर दुसरा यायच्या आधी थोडी उसंत मिळते. त्या उसंतीत काम करायचं असतं. प्राणायाम वगळून थेट डोळे मिटून बसवणारे वर्ग मीही पाहिले आहेत. तिथं माणसं बसतात, पण आत काय चाललेलं असतं ते त्यांनाच माहीत.

मग प्रश्न आला जागेचा. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात जागांची यादीच आहे: नाभिचक्र, हृदयकमळ, मस्तकातली ज्योत, नाकाचं टोक, जिभेचं टोक, नाहीतर बाहेरची एखादी वस्तू. बाईंनी सुरुवात बाहेरच्या वस्तूपासून केली. स्टुलावर तुपाचं निरांजन, ज्योत डोळ्यांच्या उंचीला, आपण दीड-दोन हात लांब. त्राटक. हठयोगप्रदीपिका या जुन्या ग्रंथात ते शुद्धिक्रियांत मोजलं आहे, धौती-नेतीच्या पंगतीत. बारीक लक्ष्याकडे पाणी येईपर्यंत निश्चल बघत राहायचं. डोळ्यांचा आजार असलेल्यांना बाईंनी यातून आधीच वगळलं. मे महिन्यात, पंखा बंद आणि खिडक्या लावून हा प्रकार चालायचा. ज्योत हलू नये म्हणून आम्ही घामानं भिजायचो.

ज्योतीकडे बघणं त्या मानानं सोपं. उजेड डोळा धरून ठेवतो. खरी गंमत डोळे मिटल्यावर. मिटल्या डोळ्यांपुढं ज्योतीच्या आकाराचा निळसर-जांभळा ठिपका तरंगतो आणि त्यावर मन ठेवायचं असतं. तो थोडा डावीकडे दिसला म्हणून मी डावीकडे वळायचो, तर तो आणखी डावीकडे. वर जायचो, तर तो वर. बुबुळाबरोबरच फिरणारी गोष्ट ती, पाठलाग करून हाताला कशी लागणार? एका सकाळी दमून पाठलाग सोडला तेव्हा तो आपोआप मध्ये येऊन थांबला आणि विरेपर्यंत तिथंच राहिला. मला वाटतं, त्राटकानं माझे डोळे शुद्ध झाले की नाही ते देव जाणे, पण धरण्यासाठी जोर लावायचा नसतो एवढं तिथं अंगात भिनलं.

पुढं बाहेरची वस्तू सुटली आणि नाक आलं. आधी "येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासावर लक्ष ठेवा" एवढंच सांगितलं होतं. श्वास म्हणजे नाकापासून पोटापर्यंतचा मोठा मुलूख. मन त्यात हवं तिथं फिरून यायचं आणि वर सांगायचं की मी श्वासावरच होतो. बाईंनी ते ओळखलं असावं. त्यांनी प्रत्येकाला आपापली जागा शोधायला लावली. आत जाणारा श्वास गार लागतो आणि बाहेर येणारा कोमट, तो स्पर्श सगळ्यात स्पष्ट जिथं कळतो तेवढीच जागा. माझी डाव्या नाकपुडीच्या कडेला, ओठाच्या वर निघाली. तिळाएवढी. तेवढीच सांभाळायची, श्वास पुढं कुठं जातो त्याची चौकशी करायची नाही.

इथून पुढं बराच काळ रोज तेच ते होत राहिलं, आणि त्या तेच-त्यातच मला मन निसटतं कसं ते दिसायला लागलं. एकदम कधी निसटत नाही. आधी जागेवर असतानाच आत कुणीतरी शेरा मारतो, "हा श्वास छान झाला." शेरा श्वासाबद्दलच असल्यामुळं आपण त्याला आत येऊ देतो. त्या शेऱ्याच्या पाठोपाठ दुसरा, "काल एवढं जमलं नव्हतं," आणि काल म्हटलं की कालचा सगळा दिवस. आणि हे बहुतेक वेळा एकाच ठिकाणी घडायचं: श्वास सोडून झाल्यावर, पुढचा आत येण्याआधी. तेवढा वेळ त्या तिळावर गार काही लागत नाही, कोमट काही लागत नाही. धरायला काही उरलं नाही म्हणून मन बाहेर पडतं.

हे बाईंना सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदाच खूश झालेल्या दिसल्या. "श्वास नसला तरी जागा आहे ना तिथं? सूत्रात श्वास कुठं म्हटलंय? देश म्हटलंय, म्हणजे जागा. तिथंच थांबा, यायचा तो श्वास येईल." दुसऱ्या दिवशी त्या रिकाम्या क्षणात जागेवरच राहून बघितलं. स्पर्श नसला तरी तिथं एक बारीक जाणीव असते, कातडी असल्याची. ती सापडली आणि श्वासाश्वासांमधला तुटलेला भाग पहिल्यांदा सांधला गेला. दोन-तीन श्वास असतील. पण सलग.

वर्गात या सुमारास वेगवेगळ्या बातम्या येऊ लागल्या होत्या. एका गृहस्थांना कपाळात निळा प्रकाश दिसायला लागला. त्यांनी तो अगदी रंगछटांसकट सांगितला. सगळे कौतुकानं ऐकत होते. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं. आता परत नाकावर." पतंजलींनी चित्ताचे नऊ अडथळे दिले आहेत: व्याधी, स्त्यान, संशय, प्रमाद, आलस्य, अविरती, भ्रांतिदर्शन, अलब्धभूमिकत्व आणि अनवस्थितत्व. त्यात भ्रांतिदर्शन, म्हणजे भलतंच खरं वाटणं, सातवं. त्या गृहस्थांना ते थोडं लागलं, पण वर्ग सोडला नाही. माझ्या वाट्याला दुसरा होता, स्त्यान, म्हणजे चित्ताचा जडपणा. पहाटेच्या वेळी मन जागेवर बसलंय असं वाटायचं आणि हनुवटी छातीवर टेकलेली असायची. व्यासांनी चित्ताच्या पाच भूमी, म्हणजे अवस्था, मांडल्या आहेत, क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र आणि निरुद्ध. माझा हिशोब सरळ होता: सौद्यात क्षिप्त म्हणजे सैरभैर, जेवणानंतर मूढ म्हणजे सुस्त, वर्गात विक्षिप्त. विक्षिप्त म्हणजे अधूनमधून थांबणारं, आणि त्या थांबण्याला व्यास योग म्हणायला तयार नाहीत, कारण तिथं वरचष्मा विक्षेपाचाच असतो.

पावसाळा लागला आणि जमलेलं सगळं विस्कटलं. सांगलीकराला कारण सांगायला नको. गावभाग नदीला लागून आहे. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी एकमेकांना भेटल्यावर पहिला प्रश्न, "आयर्विनला किती फूट?" आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं आणि आम्ही सगळ्यांनी ते अंगावर घेतलेलं आहे. त्यानंतर कोयनेतून किती क्युसेक सोडलं हे कळल्याशिवाय घास गोड लागत नाही. डोळे मिटले की तिळाएवढ्या जागेवर पाणीच. उधारी, लग्न, बासुंदी हे विचार बाजूला करता येतात. भीतीचा विचार बाजूला केला की ती विचारते, "आणि खरंच आलं तर?"

या दिवसांत श्वाससुद्धा वरवरचा आणि तुटक चालायचा. बाईंनी दाखवून दिलं की सूत्रांत विक्षेपाबरोबर येणाऱ्या गोष्टींत हेही धरलंय: दुःख, दौर्मनस्य म्हणजे मनाची खिन्नता, अंगाची थरथर आणि श्वासप्रश्वास. त्यावर उपाय एकच तत्त्व घेऊन त्याचा अभ्यास. "पाण्यावर जातंय तर जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "फक्त परत आणताना कसं आणताय ते बघा. खेकसून आणलंत तर ते नाकावरही घाबरूनच बसणार." मी बघितलं, तर मी खरोखरच आतल्या आत स्वतःवर खेकसत होतो, दुकानात नव्या पोऱ्यावर खेकसतात तसा. ते बंद केल्यावर पाणी काही गेलं नाही, पण परत येणं कमी कष्टाचं झालं. आणि पातळी ४० ला टेकली तेव्हा बाईंनी वर्गच बंद ठेवला आणि सगळ्यांना आपापलं सामान वरच्या मजल्यावर हलवायला धाडलं. त्या वर्षी पाणी तेवढ्यावरच ओसरलं.

दिवाळीनंतर पुतणीच्या तंबोऱ्याची जवारी काढायला, म्हणजे तारांचा झंकार नीट लावून घ्यायला, मिरजेला जायचं निघालं. ती गाणं शिकते, मी तंबोरा धरायला सोबत. मिरजेत तंतुवाद्यं करणारी घराणी एकोणिसाव्या शतकापासून आहेत. मूळची ती शिकलगारांची, हत्यारांना धार लावणाऱ्यांची. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. दुकानात वर भोपळे टांगलेले, खाली लाकडाचा भुसा. कारागीर चाचांनी घोडी उघडी केली, तार टेकते ती बाजू हलक्या हातानं घासली, तार परत चढवली आणि तारेखालचा सुताचा दोरा किंचित पुढं सरकवून छेडून बघितलं. मागं घेतला, छेडलं. परत पुढं. रस्त्यावर हॉर्न वाजत होते, दारात गिऱ्हाईक उभं होतं, त्यांची मान वर झाली नाही. मी घड्याळ बघितलं नाही, पण दोनदा चहा येऊन गेला.

शेवटी ते म्हणाले, "आता ऐका. खर्जात गंधार बोलतोय का बघा."

तंबोऱ्याच्या चार तारांपैकी पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या, म्हणजे षड्जाच्या, आणि शेवटची खर्जाची. गंधाराची तार त्यात नाहीच. पण कुठलीही तार वाजते तेव्हा तिच्या मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे स्वरही तिच्यात वाजत असतात. खर्जाच्या पाचपट कंपनांचा स्वर म्हणजे गंधार. जवारी चांगली लागली की तार घोडीवर घासत थरथरते आणि हे वरचे स्वर उमलून येतात. गाणारी मंडळी त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. हे सगळं पुतणीनं समजावलं. मला नुसतीच गुंजारव ऐकू येत होती.

"काका, तार छेडल्या छेडल्या शोधू नका," ती म्हणाली. "मोठा आवाज जरा बसू द्या. मग त्याच्या वर ऐका."

ऐकत राहिलो. बऱ्याच वेळानं एका छेडीनंतर तो वर होता. बारीक, स्वच्छ, कुणी न वाजवलेला. एकदा कळल्यावर मग प्रत्येक खर्जात तो होताच.

त्या दिवसापासून ती संध्याकाळी रियाजाला बसली की मी शेजारच्या खोलीत भिंतीला टेकून गंधारावर बसायला लागलो. नाकाच्या जागेवर जो त्रास होता, दोन श्वासांमधल्या रिकाम्या वेळाचा, तो इथं नव्हता. एक स्वर विरायच्या आत पुढची तार बोलायची. एका संध्याकाळी डोळे उघडले तेव्हा तंबोरा गवसणीत गेला होता आणि आमच्या हिनं शेजारी ठेवलेल्या चहावर साय आली होती. रियाज कधी संपला ते मला कळलं नव्हतं. गंधार मात्र आत्तापर्यंत होता असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पोलिसासारखी चौकशी केली. मान पडली होती का? नाही. उठल्यावर अंग जड होतं का? नाही, उलट हलकं. स्वप्नासारखं काही? नाही. "मग झोप नव्हती," त्या म्हणाल्या. "असेल थोडं ध्यान. पण त्याच्या मागं लागू नका, तो तुमचा जांभळा ठिपका होईल." परंपरेत दिलेला दृष्टांत त्यांनी सांगितला: धारणा थेंबाथेंबानं पडते, ध्यानाची तेलासारखी धार असते. एकच प्रत्यय, म्हणजे एकच जाणीव, अखंड वाहत राहणं, हीच ध्यानाची व्याख्या.

तंबोरा चालेल का, हा माझा प्रश्न होता. ‘यथाभिमतध्यानाद्वा’, आपल्याला जे आवडतं त्यावर, असं सूत्र असल्यामुळं बाईंना नाही म्हणता येईना. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्यायही त्यांनी स्वतःच काढला. मनाचा एक गुण चांगला आहे, गोडी दिसली की ते त्या ठिकाणी सोकावतं, तेव्हा त्याला अनुभवाचं सुखच दाखवत जावं, असं माउलींनी तिथं म्हटलं आहे. "सोकावू द्या," बाई म्हणाल्या, "पण सकाळी नाकच." मोबाइलवर पावा-पाण्याचा आवाज लावून आडवं होणाऱ्यांनी लगेच याचा आधार घेऊ नये. गंधार शोधावा लागतो. तो आवाज नुसता कानावर पडतो.

कारकुनी स्वभावानं मी मापही काढायला गेलो. स्वामी विवेकानंदांनी राजयोगावर लिहिताना कूर्मपुराणाच्या आधारानं बाराचा एक हिशोब दिला आहे. मन एका ठिकाणी १२ सेकंद राहिलं तर धारणा, अशा बारा धारणांचं ध्यान, बारा ध्यानांची समाधी. म्हणजे ध्यानाला २ मिनिटं २४ सेकंद आणि समाधीला २८ मिनिटं ४८ सेकंद. कागदावर बघितलं तर १२ सेकंद म्हणजे काहीच नाही. बसून बघितल्यावर मात्र शेरा मारणाऱ्याला गप्प ठेवून काढलेले १२ सेकंद चांगलेच लांब निघतात. शिवाय सेकंद मोजणारा हाही एक विचारच, त्यामुळं मोजलं की तुटतं आणि तुटलं की मोजायला काही राहत नाही. शेवटी मी ही वही बंद केली.

झोपेचं म्हणाल तर हंगामातसुद्धा आता बरी लागते. रात्री आकडे येतात, पण येऊ लागले की मी त्या डाव्या कडेच्या जागेवर जातो. बाई म्हणतात, तो उपयोग दुय्यम आहे. मला तो दुय्यम वाटत नाही आणि त्यावरून आमचं अजून जुळलेलं नाही.

आता त्यांनी मला नाक सोडून हृदयाची जागा घ्यायला सांगितली आहे. तिथं सध्या छातीचे ठोकेच ऐकू येतात, आणि ते मी मोजायला लागतो.